पायरी

युलिश, नोव्हेंबर. साखर कारखान्यातल्या बीटचा उग्र गोडसर वास
खिडकी लावली तरी आत येतोच.
रात्री साडेअकराला हिल्ट्रूड क्रॉइत्सर कामाला बसते.
दिवसा बीटचे ट्रक जातात,
सुई थरथरते.

निर्वात भांड्यात चांदीचा तुकडा, नखाएवढा,
आठवडाभर खरवडलेला, तापवलेला, पुन्हा खरवडलेला.
तरी सपाट नाही.
सपाट काहीच नसतं, ती नव्या पोरांना सांगते,
पायऱ्या असतात. एक अणू उंच.

सुई एकाच रेषेवरून जाते, येते, जाते.
पडद्यावर आडवं अंतर, उभा वेळ,
आणि पायरीचा काठ उमटतो
जुन्या चादरीच्या सुटलेल्या दशांसारखा.

म्हणजे काठ हलतोय.
कुणी ढकललेलं नाही. वाऱ्याला तर आत मज्जावच.
खोलीच्या साध्या उबेनं
एक अणू कोपऱ्यातून सुटतो, काठाकाठानं पळतो,
दुसऱ्या कोपऱ्यात टेकतो;
तिथून तिसराच कुणी उठतो.

आपली पायरी ओळखून राहावं, आई बजावायची.
इथे पायरीलाच पायरी ठाऊक नाही.

भटकण्याचाही हिशेब आहे, आणि तो कंजूष आहे:
एका मिनिटात जेवढी सरकते
त्याच्या दुप्पट सरकायला सव्वाचार तास.
शेजारणीला ओलांडायची मुभा नाही.
भांडण नाही दोघींत,
नुसती भटकायला जागा लागते, म्हणून अंतर.

हिल्ट्रूडचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं.
बाप दर रविवारी चर्चमधून थेट काठापर्यंत चालायचा,
पावलं मोजत.
एका वर्षी नऊशे. पुढच्या वर्षी सहाशे चाळीस.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये;
तो दोनदा चढला.
बेकरी गेली, नाशपातीची झाडं गेली,
मग ज्या चर्चपासून मोजायचं तेच गेलं.
तो काठ एकदाही, एक पाऊलही,
मागे आला नाही.

म्हणून असेल, किंवा निवृत्तीला चारच महिने उरलेत म्हणून,
ती कधी कधी गरजेपेक्षा जास्त वेळ बघत बसते:
गेला. आला. थोडा गेला.
आला.

पावणेचारला पडद्याच्या कडेला एक बेट,
एकाच थराचं, मघापासून आक्रसत चाललेलं.
जितकं लहान तितकी घाई.
वीसेक अणू या फेरीत दिसतात,
पुढच्या फेरीत नुसतं मैदान.
पृष्ठभाग विसावला, असं पुस्तकात लिहितात.
हिल्ट्रूड वहीत लिहिते: बेट गेले, ३:५२.
मग "गेले" खोडते.
अणू कुठे गेलेत? भोवतालच्या पायऱ्यांत
कुठेतरी टेकलेत, कुठल्या कोपऱ्यात ते सांगता यायचं नाही.
दुसरा शब्द सुचत नाही. खोडलेलं तसंच राहतं.

थर्मासमधली कॉफी गार.
पाचला पहिला ट्रक.
रेघ बिघडते.
ती सुई उचलून घेते.