अंजीर बिस्कीट

रिपोर्ट वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"बेकरीचं सगळं बंद. बिस्किटांकडं बघायचंसुद्धा नाही."
मी मान हलवली.
एकेचाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा आहे,
अर्ध्या सुताचा फरक बोटाला कळतो,
आणि रक्तातला आकडा
एवढा चढेस्तोवर कळला नाही.

लहानपणी शनिवारी वडील
फौंड्रीतनं उशिरा यायचे.
शाहूपुरीतल्या बेकरीची पुडी, वर दोरा,
आत अंजीर बिस्किटं, मोजून सहा.
वरनं पिवळी, कडेला करपलेली,
मधे लालभडक, चिकट,
दाताला धरून बसणारं काहीतरी.
माली आधी कडा कुरतडायची,
मधलं शेवटाला ठेवायची.
मी मधलं आधी खायचो
आणि मग तिच्या हाताकडं बघत बसायचो.

बेकरीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे.
म्हटलं, आपणच करू.
मैदा नको, खपली दळून आणली.
डालडा नको, घरचं तूप, चारच चमचे.
साखर नको म्हणून यार्डातनं गूळ आणला,
तर शैलजा म्हणाली,
"गूळ म्हणजे काय औषध?
साखरच ती. आपल्या गावची, एवढंच."
गूळ फडताळात गेला.
अंजीर मात्र खरे आणले, दोऱ्यात ओवलेले,
रात्रभर भिजवले, पाट्यावर वाटले.
पोळी लाटली, पट्टी लावून कापली,
सव्वा इंच रुंद, दोन सूत जाड.
कुकरात मीठ तापवलं, शिट्टी काढून ठेवली,
आणि स्टूल ओढून बसलो
जॉब लावल्यासारखा.

चांगली झाली. शैलजानं दोन खाल्ली.
पण हे ते नव्हे.
दाताखाली बिया येत होत्या,
बारीक, वाळूसारख्या.
रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं,
त्या लाल गोळ्यात
बी कधीच नव्हती.

दस्तगीरचाचा मणेर, त्या भट्टीवरचा शेवटचा माणूस,
सदर बाजारात दारापुढं खाटेवर असतो.
हसता हसता खोकला लागला त्याला.
"अंजीर? चार आण्याला सा बिस्किटं,
आणि त्यात अंजीर घालतंय कोण, लगा?
पपई ती. कच्ची पपई.
शिजवायची, रंग टाकायचा, इसेन टाकायचा.
तुझ्या बापाला इचारायचं हुतंस.
फौंड्री बंद पडली ते आठ म्हयनं
दर शनवारी यायचा, पोतंभर पपया सोलून द्यायचा.
पैसं घेईना.
सा बिस्किटं दे म्हणायचा, बास."

फौंड्री बंद होती?
आठ महिने?
आम्हाला एवढंच माहीत होतं,
की रविवारी वडिलांच्या बोटांची सालं निघायची
आणि आई खोबरेल लावत म्हणायची,
भट्टीची धग बाधते यांना.

कारखान्यामागं, भंगाराच्या ढिगाला लागून
आपसूक उगवलेलं पपईचं झाड आहे.
एक हिरवी काढली.
सोलायला घेतली तसा चीक पाझरला,
पांढरा, दुधासारखा, बोटांच्या बेचक्यांत.
हात धुतले नाहीत लगेच.
किसून शिजवली, लाल रंगाला बिटाची एक फोड,
गोडीला दोन खजूर,
शैलजाच्या देखत मोजून घातले.
बी नाही. दाताला धरून बसतंय.
कडा थोडी करपली, करपू दिली.

सहा झाली.
तीन ठेवली, तीन कागदात बांधली, वर दोरा,
आणि गडहिंग्लजच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिली.
संध्याकाळी मालीचा फोन आला.
बराच वेळ नुसतं चावणं ऐकू येत होतं.
मग म्हणाली,
"दादा, तेच रे. तेच आहे अगदी.
आत काय घातलंयस?"

बोटं खाजत होती.
म्हटलं, "अंजीर की."