अर्धं तिकीट

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानात
शनिवारी इंग्रजी पिक्चर लागायचा.
वाऱ्याने पडदा फुगला की
हिरॉईनचा एक गाल सुजायचा.

मायला इंग्रजी येत नव्हतं.
तरी ती माझ्या कानाशी लागून सांगत राहिली:
हा म्हणतोय, चल.
ती म्हणतेय, पोरगी आहे मला.
हा म्हणतोय, राहील की मावशीकडे.
आता ती काही म्हणत नाही,
नुसते हातमोजे काढतेय.

रीळ बदलताना अंधारात
मागे कुणी शेंगा फोडत होतं.
तुला कसं गं कळतं सगळं?
चूप बस, पाहू दे.

शेवटी गाडी सुटली. बाई फलाटावर उरली,
टोपीसकट.
नेमकी तेव्हाच लोको शेडची शिट्टी झाली, खरीखुरी,
आणि लोक हसले.
माय नाही.

घरी येऊन तिने कळण्याच्या भाकरी थापल्या.
एक करपली.

ती गेल्यावर पत्र्याच्या पेटीत,
माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकात,
जाड पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं, न टोचलेलं.
भुसावळ ते इटारसी.
एक पूर्ण.

अर्धं
त्याने काढलंच नव्हतं.