खांदा

अण्णांचा उजवा खांदा वर जात नाही दिवाळीपासनं.
बेचाळीस वर्षं सत्तूर आणि चिंचेचा ओंडका,
बुधवार, शुक्रवार, रविवार,
आणि आखाड संपतानाचा तो आठवडा
ज्यात माणूस जेवत नाही, नुसता तोडत राहतो.

मगदूम डॉक्टरीणबाई गार जेल लावतात,
यंत्राचं गुळगुळीत टोक गोल गोल फिरवतात.
"करंट हाय काय?"
"नाही हो, आवाज आहे."
"आवाज? मग वाजंना का?"

मी हसलो नाही.
(घरी मी आलो, गेलो. लॅबमध्ये आले, गेले.)

लॅबमध्ये हाच आवाज स्टीलच्या टाकीत राहतो.
म्हाताऱ्या बोकडाचा फरा, अण्णांच्याच दुकानातला,
हवा काढलेल्या पिशवीत बांधून
बर्फाच्या पाण्यात बुडवते, बटण दाबते.
सेकंदाला चाळीस हजार कंप.
मोहरीहून बारीक बुडबुडे होतात, फुटतात,
आणि मरणानंतर आखडलेलं मांस
धागा धागा सुटत जातं,
झोपेत पोराची मूठ सुटते तसं.
कधी सुटतं. कधी नाही सुटत.
वहीत मी दोन्ही लिहिते.

एकदा अण्णा बघायला आले, इस्त्रीचा सदरा घालून.
टाकीला आधी कान लावला, मग तळवा.
"मुंग्या आल्यागत हुतंय."
पिशवी फोडून अंगठ्यानं मांस दाबलं,
गिऱ्हाईकासमोर दाबायचे तसं, हलकं, मग जोरात.
"आमच्यात आखडायला येळच कुठं देत्यात?
सहाला कापलं, अकराला तांबड्यात.
ह्यो म्हातारा तेवढा ऐकत न्हाई.
त्याला पपईचा चीक. न्हाईतर चूल, आणि सबुरी."

मी त्यांना पडद्यावरचा आकडा दाखवला:
सुरीला मांस कापायला किती जोर लागला त्याचा.
काल अडुसष्ट, आज एकावन्न.
त्यांनी तो पाहिला
दुसऱ्यानं धरलेल्या तराजूकडं बघतात तसा.
त्यांच्या तोंडी आकडा म्हणजे लोखंडाचा,
ज्याला धड टांगतात.

जाताना जिन्यात थांबले.
"अक्का, मग ती बाई मलाबी तसंच करत्या व्हय?
मऊ?"

तापमान वेगळं, अण्णा. ताकद वेगळी, वेळ वेगळी.
आणि तुम्ही जिवंत आहात.
यातलं शेवटचं मी बोललो नाही.

काल दहावी बैठक झाली.
लक्ष्मीपुरीत दुकानाचं शटर अर्धं वर होतं,
धुतलेल्या फरशीवर पाणी वाहत होतं.
अण्णांनी माझ्याकडं पाठ करून हात वर नेला,
कुणी बघत नाही असं समजून.

आकडा चार बोटं लांब राहिला.
मागच्या बुधवारी वीतभर होता.
वही घरी होती.
मी हातावरच लिहून घेतलं.