दोन ‘आहे’

सुरुवातीला वर्गात एकोणीस जण होतो.
पहिला भूतकाळ आला तेव्हा सात गळाले,
दुसरा आला, रोजरोज घडायचा तो,
तेव्हा आणखी नऊ.
ॲडव्हान्सला उरलो तिघं:
शिवलीला हुक्केरी, अर्षद बागवान,
आणि खानापूरहून सव्वासातच्या लाल बसनं येणारी मी.
कॅम्पातल्या शाळेची मागची खोली.
पूर्वी तिथं खेळाचं सामान असायचं,
अजून मॅटचा वास येतो.

कुतिन्हो सर बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनावर होते.
लास पाल्मासच्या धक्क्यावर शिकले भाषा,
त्यामुळे पुस्तकात नसलेले शब्दही त्यांना येतात
आणि ते तोंडाशी आले की सर खोकतात.

त्यांनी फळ्यावर एक अक्षर काढलं, डोक्यावर लाट असलेलं.
म्हटलं, सर, हा तर आमचा ञ!
तक्त्यावर ज्याच्या चौकटीत चित्रच नव्हतं,
बालवाडीपासून बिनकामाचा बसून होता बिचारा.
शिवलीला म्हणाली, आमच्याकडं पण बसलाय तसाच.
‘ओहाला’ आला, देवाच्या मनात असेल तर होईल,
तेव्हा अर्षद म्हणाला, हा अब्बांचा शब्द,
इतक्या लांब जाऊन आला होय.

पेरो म्हणजे पण.
मी वहीत लिहिलं: पेरो – खरं.
सर म्हणाले, खरं म्हणजे सत्य ना?
नाही सर, आमच्यात ‘पण’लाच खरं म्हणतात.
येतो म्हणालाय, खरं यायचा नाही.
आणि र लांबला की पेरोचा कुत्रा होतो,
तेवढं सांभाळायचं.

सगळ्यात अवघड म्हणतात तो इच्छेचा प्रकार,
न घडलेल्याचा, शंकेचा.
मला तो फुकट मिळाला.
व्हावं, मिळावं, जावं, एकदाचं ठरावं:
काका दुसरं काय बोलतात?
त्यांचे वडीलही तेच बोलायचे.
एक नोव्हेंबरला काकांच्या दंडावर काळी फीत,
शिवलीलाच्या गच्चीवर लाल-पिवळा झेंडा.
बस नव्हती.
आम्ही दोघी फोनवर तासभर
एकमेकींना क्रियापदं विचारत बसलो.

अडले ते ‘आहे’पाशी.
स्पॅनिशमध्ये आहे दोन आहेत.
सेर, न बदलणारं: मुलगी आहे, मडकं मातीचं आहे.
एस्तार, आत्तापुरतं: दमलीय, दार उघडं आहे, चहा गार झालाय.
खरं, जागा कुठं आहे सांगताना एस्तारच.
डोंगरालासुद्धा.
मी विचारलं, सर, गाव काय हलतंय काय?
सरांनी खडू ठेवला,
खिडकीतून बघत राहिले बराच वेळ.
म्हणाले, हे परीक्षेत विचारत नाहीत.

विचारलं.
पडद्यावर चष्म्याच्या बाई. दे दोंदे एरेस?
सोय दे खानापूर.
सेर. म्हणजे मी कायमची.
इ दोंदे एस्ता खानापूर?

एस्ता... म्हणून मी थांबले.
काका आठवले.
मी पहिलीत असताना या शहराच्या नावाला
शेवटी एक वेलांटी लागली, ती आठवली,
आणि पाट्यांवरचं डांबर.
बाई वाट बघत होत्या, त्यांना घाई नव्हती.

म्हटलं, नदीच्या काठावर आहे.
मलप्रभा नाव तिचं.
तिथली माती भाजली की कौल होतं, 
नाही भाजली तर पायाला चिकटून घरात येते.

भाषेला नऊ मिळाले, उच्चाराला सहा.
नदीच्या स्पॅनिश शब्दातल्या पहिल्याच र-ला
म्हणे जोर कमी पडला.

परतीच्या बसमध्ये मी जीभ टाळ्याला लावून
देसूरपर्यंत तोच एक र घोळवत होते.
कंडक्टरनं विचारलं, यल्लिगे?
तोंड गुंतलेलं होतं.
मी नुसतं बोट दाखवलं,
रस्ता जात होता तिकडं.