इतर हक्क

अण्णांनी बत्तीस वर्षं साखळी ओढली,
कवठे महांकाळ, डफळापूर, जत.
डाव्या टाचेत बाभळीचा काटा
अजून आहे म्हणतात, थंडीत ठणकतो.

मी बसल्या जागी मंगळ मोजते.
पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे सहा मीटर.
विवरात सावली किती लांब पडली,
त्यावरून खोली.
'विहिरीचं आम्ही असंच करायचो,
फक्त वर दोन भाऊ भांडत असायचे.'

काल एका विवराचा काठ तुटलेला दिसला.
मी लिहिलं: आघात, वय अनिश्चित.
अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पडद्याला नाक लावलं.
'धडकेनं नाही हे. आतून पाणी फुटलंय.
खाली गाळ बघ की,
सुपातनं सांडल्यासारखा पसरलाय.
हिंगणगावच्या अंगाला अग्रणीनं असंच केलंवतं.'

अग्रणी.
जिच्या पात्रात आम्ही स्टंप रोवले,
जी लहानपणी मला कधी ओली भेटली नाही.

नोंद खोडली. पाणी, असं लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह.

मग सवयीनं त्यांनी विचारलं,
कब्जेदार कोण?
कोणी नाही.
लगतच्यांना नोटिसा गेल्या?
लगत कोणी नाही, अण्णा.

चहावर साय धरली.

'मग पंचनाम्यावर सही कुणाची घेतीस?'

मी वहीत रकाना आखला, इतर हक्क,
आणि त्यात लिहिलं: वारा.
ते हसले नाहीत.
म्हणाले, खाली तारीख घाल.