माया

लॅम रोडवर माझं दुकान.
पाटी अजून अण्णांच्याच नावाची, खैरनार टेलर्स,
खाली बारीक अक्षरांत: लष्करी गणवेश, रफू, आल्टर.
दुपारी तोफांचा सराव सुरू झाला
की बटणांच्या बरण्या आपापसात बोलू लागतात.
सकाळी गांधीनगरची हेलिकॉप्टरं
द्राक्षबागांवरून दारणेपर्यंत, पुन्हा मागे,
शिकाऊ पोराच्या टाक्यासारखी
जरा तिरकीच जातात.

मेजर तुंगार मंगळवारी आले.
मंगळवारी दुकान बंद असतं.
अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरले,
हातात हिरवा गणवेश, घडीसुद्धा न घातलेला.
"ताई, आता पांढरा शिवायचाय."
"नेव्ही?"
"कोस्ट गार्ड. मंजुरी यायचीये अजून.
पण माप घेऊन ठेवा."

माप देताना माणूस बोलतो.
छाती बेचाळीस. मागच्या वेळी साडेत्रेचाळीस होती.
"आठ वर्षांत सहा गावं, ताई.
ईराच्या दप्तरावर चार शाळांची लेबलं,
एकावर एक चिकटवलेली.
मी हिमनदीवर रॉकेलचे डबे पोचवायचो,
उतरायला तुमच्या या कटिंगच्या टेबलाएवढी जागा.
घरी आलो की ती मला काका म्हणायची.
चुकून. मग स्वतःच हसायची."

खांदा साडेअठरा.
"मित्र म्हणतात, मासे मोजायला चाललास.
सीओसाहेब म्हणाले, ज्येष्ठता जाईल,
हाताखालची पोरं तुझ्या वर बसतील.
म्हटलं, बसू देत सर,
मला घरी जेवायला बसायचंय."
एवढं बोलून त्यांनी श्वास धरून ठेवला.
टेप मला पुन्हा लावावी लागली.

अण्णा असते तर कात्री खाली ठेवली असती त्यांनी.
हिरव्या कापडाला चुकून पाय लागला
तरी हात जोडणारा माणूस.
मी नाही ठेवली.
मीही अंबडच्या कंपनीत तीन पाळ्यांत कॉलर जोडायचे,
तासाला चाळीस.
सोडलं. निम्म्या पैशांत इथे बसते,
पोराचा डबा माझ्या हाताने भरते.
हे त्यांना सांगितलं नाही. बाईने माप घ्यावं.

छातीवरचे पंख उसवून द्यायचे होते.
ब्लेडने एकेक टाका काढला.
खाली पंखांच्याच आकाराचं गडद हिरवं,
तेवढ्या जागेला इतक्या वर्षांचं ऊन लागलेलं नव्हतं.
त्यांनी बोट फिरवलं.
"हे असंच राहील?"
"राहील. धुतलं तरी राहील."

मग मी विचारलं, कमरेला माया किती सोडू?
"किती सोडतात?"
"अण्णा अर्धा इंच सोडत.
लांब जाणाऱ्याला एक."
"दीड सोडा. घरचं जेवण आहे."
तेव्हा पहिल्यांदा हसले.

दिवाळी गेली, संक्रांत गेली.
कागद दिल्लीत कुठल्या तरी टेबलावर आहे म्हणतात.
पांढरा गणवेश मागच्या खुंटीला, प्लास्टिकमध्ये.
बॅजेस न्यायला येणारे विचारतात, कुणाचा हो?
एक कॅप्टन तर आरशासमोर
अंगाला लावून बघून गेला.
प्लास्टिक नीट ओढून घेतलं मी,
बोलले काही नाही.

काल ईरा आली, आईबरोबर,
शाळेचा स्कर्ट लांब करून घ्यायला.
आई म्हणाली, "बघा ना, पहिल्यांदाच आखूड झालाय.
एरवी त्याआधी शाळाच बदलायची."
कागदाची वाट बघताना पोर
एकाच गावात अडीच इंच वाढली.

स्कर्ट उलटा करून पाहिला.
शिवणाऱ्याने आत माया सोडलीच नव्हती.
दुसऱ्या तागातली पट्टी जोडून दिली मी.
निळ्यात जरासा फरक दिसतो,
उन्हात उभी राहिली की.