शेरा

भाऊ, म्हणजे माझे सासरे,
बडोद्याच्या डेपोत एकतीस वर्षं वेळापत्रक लिहायचे.
स्वतः क्वचितच बसले एखाद्या बसमध्ये.
खिडकीतून म्हणायचे, गोध्रा, फलाट सात,
आणि गाडी सुटायची.

माझ्या हाफ मॅरेथॉनचं कळल्यावर
त्यांनी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा नोव्हेंबर फाडला,
पाठकोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने आखले:
निघणे, पोचणे, अंतर, शेरा.

मंदार मस्कतहून व्हिडिओवर म्हणाला, ओला करा ना.
भाऊंनी काही न बोलता फोन माझ्या हातात परत दिला.

३.४० उठणे.
४.०५ कारेलीबागेतून रफीकभाईंची रिक्षा.
साडेचारला पोलीस कोठीपाशी बांबू आडवे घालतात,
तेव्हा रिक्षा तिथंच सोडायची, पुढे नवलखीपर्यंत पायी.
"पण रमतगमत जा. हे दोन किलोमीटर
तुझ्या एकवीसमध्ये कुणी धरणार नाही."

जाण्याचं अर्ध्या तासात लिहून झालं.
परतीला तीन रात्री लागल्या.

"जत्रेला गाड्या नेणं सोपं गं,
जत्रा उठली की खरी कसोटी.
फाटकापाशी भेटू म्हणू नकोस,
सगळे तेच म्हणतात. फोन तर लागणारच नाही."

गुरुवारी भर दुपारी जाऊन त्यांनी एक लिमडा निवडला,
खोडाला चावीवाल्याची पाटी ठोकलेला.
कडुनिंब म्हणत नाहीत ते. इथं वाढलेत.

माझ्या पोचण्याच्या रकान्यात ८.३५ होतं.
"सहाला सुटून? इतक्यात मी कधीच धावलेली नाही, भाऊ."
"वेळापत्रक उशिराच्या गाडीसाठी लिहीत नसतात,"
पेनाचं टोपण लावत ते म्हणाले,
"उशिरासाठी शेऱ्याचा रकाना असतो."

त्या पहाटे विश्वामित्रीवर धुकं होतं.
पुलावरून हजारो बूट गेले
आणि कुणीतरी ओरडलं, हळू रे, मगरी झोपल्यात.
बाराव्यापर्यंत मी हसत होते.
सोळाव्यानंतर मेडल, फोटो, सगळं गळून पडलं,
नुसती चावीवाल्याची पाटी डोळ्यांपुढे.

८.५१ ला रेघ ओलांडली.
लिमड्याखाली गेले तर भाऊ नाहीत.

दहा मिनिटं. पंधरा.
शेजारी एका मुलीची आई तिला शोधत होती,
एक जाडसर काका फुटपाथवर आडवे पडून
आकाशाला सांगत होते, पुढच्या वर्षी नाही.
मला पहिल्यांदाच जाणवलं,
या माणसाला उशीर झालेला मी कधी पाहिला नाही,
म्हणून काय करायचं असतं ते मला माहीत नाही.

मग बांबूंच्या पलीकडून आले.
शर्टाची बटणं एक घर चुकलेली,
हातात थर्मास. पोलिसाने स्कूटर रावपुऱ्यातच अडवली होती.
त्यांनी माझी वेळ विचारली नाही.
खिशातून नोव्हेंबर काढला, गुडघ्यावर धरला,
माझ्यापुढे लिहिलं, सोळा मिनिटं.
स्वतःपुढे, बावीस.
कारण: रस्त्यावर माणसं धावत होती.

चहा साखर विसरलेला होता. दोन कप प्यायले.

रावपुऱ्यापर्यंत चालताना आम्ही फारसं बोललो नाही.
सेवउसळवाल्याकडे चढताना तीन पायऱ्या चढले, 
बसून खाल्लं, वर जादा तरी घेतली,
आणि निघताना त्याच तीन पायऱ्या
मला काही केल्या उतरवेनात.
मांड्या नाही म्हणाल्या.
शेवटी वळले आणि उलटी उतरू लागले.

भाऊंनी क्षणभर पाहिलं.
मग तेही वळले,
माझ्या शेजारून उलटेच उतरू लागले,
कंडक्टर बसच्या पत्र्यावर मारतो तशी
कठड्यावर थाप मारत:
आववा दे, आववा दे.